विचारणाऱ्याला उत्तर



ख्रिस्ती माणसाने आपली श्रद्धा दुसऱ्याला सांगावी का, आणि सांगायची तर कशी, हा आजचा विषय. मालवणच्या किनाऱ्यावर त्याविषयी बोलायचे तर आधी दक्षिणेकडे तोंड करावे लागते. तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा. १५४६ मध्ये फ्रान्सिस झेवियर यांनी पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून हिंदुस्थानात इन्क्विझिशन, म्हणजे श्रद्धेची चौकशी करणारे चर्चचे न्यायासन, हवे अशी विनंती केली. आम्ही त्यांना संत म्हणतो. अनवाणी फिरणारा, रुग्णांच्या उशाशी बसणारा हा माणूस; पण ते पत्रही त्यांचेच. १५६० मध्ये गोव्यात ते न्यायासन बसले आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत चालले. १५६७ च्या सुमारास साष्टीतली देवळे पाडली गेली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. सिंधुदुर्गात आजही अशी घरे आहेत, ज्यांची कुलदैवते गोव्यात आहेत आणि ज्यांच्या घरात त्या पळापळीच्या गोष्टी आजी नातवंडांना सांगते.

आमच्या बाजूने बोलायचे तर आमची फर्नांडिस, डिसोझा, रॉड्रिग्ज ही आडनावे त्याच काळातली. बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीचे किंवा धर्मपित्याचे नाव घराला लागले आणि जुने नाव बुजले. आमच्यातले कोण मनापासून ख्रिस्ती झाले, कोण जमीन टिकावी म्हणून, कोण भीतीने, हे आता कोणी सांगू शकणार नाही. आज आमची श्रद्धा खरी आहे, आमच्या आयांनी ती आम्हाला प्रेमाने दिली आहे. तरीही ती या किनाऱ्यावर कशी आली हे आम्ही विसरून बोलू लागलो, तर ऐकणाऱ्याला ते आठवते. शुभवर्तमान म्हणजे चांगली बातमी. ज्याच्या पूर्वजांना त्या बातमीपायी गाव सोडावा लागला, त्याच्या कानाला ती चांगली लागत नाही. तो दोष त्याच्या कानाचा नाही. म्हणून सौम्यपणा हा आमच्यासाठी स्वभावाचा प्रश्न नाही, ते देणे आहे.

आता नव्या करारातल्या एका पत्राकडे वळतो. परंपरेने ते पेत्राच्या नावाचे आहे. आशिया मायनरमध्ये विखुरलेल्या, कसलीही सत्ता हाती नसलेल्या, शेजाऱ्यांच्या संशयात जगणाऱ्या लहानशा मंडळ्यांना ते लिहिले आहे. त्याच्या तिसऱ्या अध्यायात एक सूचना येते. तुमच्या मनात जी आशा आहे, तिचे कारण कोणी विचारले तर उत्तर द्यायला तयार असा, आणि ते सौम्यतेने, आदराने द्या. आमच्याकडे प्रवचनांत ‘तयार असा’ यावर भर असतो. मला त्यातला ‘कोणी विचारले तर’ हा भाग महत्त्वाचा वाटतो. पत्र असे गृहीत धरते की आधी शेजारी विचारील. म्हणजे ख्रिस्ती माणसाने असे जगायचे, की पाहणाऱ्याला नवल वाटावे. बोलणे त्यानंतर.

हे पेत्राच्या तोंडी शोभते, कारण त्याला दोन्ही बाजूंचा धडा मिळाला होता. तो मासेमार, आपल्या रापणकरांसारखा जाळी ओढणारा, रागाला जवळचा. येशूला धरायला माणसे आली तेव्हा याने तलवार उपसली आणि प्रमुख याजकाच्या चाकराचा कान कापला. येशूने त्या चाकराला हात लावून बरे केले. त्याच रात्री शेकोटीपाशी एका दासीने विचारले, तू त्याच्यातलाच ना? तेव्हा हाच पेत्र तीनदा नाही म्हणाला. एकदा नको तितका कठोर, काही तासांतच नको तितका भित्रा. कोणी न विचारता तलवार, आणि विचारल्यावर नकार. सौम्यपणाची शिकवण या माणसाच्या नावे येते, म्हणून तिच्यात मिळमिळीतपणा नाही. जे आहे ते आहे म्हणून सांगायचे, फक्त कान कापायचा नाही.

मराठी मुलखात हे कसे घडले ते पाहण्यासाठी आपल्याच जुन्या जिल्ह्यातल्या एका माणसाकडे जाऊ. सिंधुदुर्ग १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला, त्यामुळे नारायण वामन टिळकांना आपले म्हणायचा आपल्याला हक्क आहे. त्यांचा जन्म १८६१ मध्ये दापोलीकडच्या करजगावचा. कवी, संस्कृतचे जाणकार, बेचैन वृत्तीचे, एका नोकरीत फार दिवस न टिकणारे. १८९३ मध्ये ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होता. त्या काळी गोऱ्या माणसाच्या डब्यात शिरलेल्या एतद्देशीयाच्या वाट्याला काय येई, ते इथल्या वडीलधाऱ्यांनी ऐकलेले असेल. या माणसाने जागा करून दिली, आदराने बोलला. बोलणे निघाले ते कवितेवरून. बऱ्याच वेळाने ख्रिस्ताचा विषय आला. उतरण्यापूर्वी त्याने नव्या कराराची एक प्रत दिली आणि टिळकांकडून ती पुरी वाचण्याचे वचन घेतले. तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असेही तो म्हणाला.

टिळकांना सुरुवातीची पाने रुचली नव्हती. पण शब्द दिला होता म्हणून वाचत राहिले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या प्रवाशाचे नाव त्यांना कधीच कळले नाही. पुढे पत्रव्यवहार नाही, पाठपुरावा नाही, वहीत नोंद नाही. माझ्या दृष्टीने त्या प्रसंगात भविष्यवाणीला फारशी किंमत नाही. त्या माणसाने समोरच्याला आधी कवी म्हणून ओळखले, त्याच्या भाषेचा मान ठेवला, आणि नंतर निर्णय त्याच्यावर सोडून तो आपल्या स्टेशनवर उतरला, याला आहे. त्याला आपल्या बोलण्याचे फळ दिसले नाही, आणि त्याने ते पाहण्याची अटही घातली नव्हती.

एवढ्यावर थांबलो तर गोष्ट गोड होईल. पण या बाप्तिस्म्याला दुसरी बाजू आहे आणि ती त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनात मांडून ठेवली आहे. हा निर्णय बायकोला विश्वासात घेऊन झालेला नव्हता. जगाला कळले तसेच तिला कळले. एका रात्रीत ती ना सवाष्ण, ना विधवा. पदरी लहान मुलगा. काही काळ पंढरपुरात, काही काळ आणखी कुठे, अशी नातलगांच्या आधाराने राहिली. ख्रिस्ती म्हणून माझे मत सांगतो. जो विश्वास समोरच्यावर प्रेम करायला शिकवतो, त्याचा स्वीकार करताना घरातल्या सर्वांत जवळच्या माणसाला अंधारात ठेवले गेले, हे टिळकांच्या हातून चुकले. आमच्या मंडळीत त्यांच्या त्यागाचे गोडवे गाताना हा भाग पटकन उरकला जातो. तो उरकू नये.

त्यानंतरची वर्षे मात्र शिकण्यासारखी आहेत. टिळक संतापी होते, लक्ष्मीबाईंनी ते लपवलेले नाही. तरी त्यांनी तिच्यावर धर्म लादला नाही. ती टिळकांकडे नगरला आली तेव्हा तिचे सोवळेओवळे, तिची वेगळी चूल तिच्याबरोबर आली. मिशनच्या वातावरणात, ख्रिस्ती शेजारात, एक ब्राह्मण बाई आपला स्वयंपाक कुणाचा स्पर्श होऊ न देता रांधते आहे आणि तिचा ख्रिस्ती नवरा ते चालू देतो आहे, हे दृश्य डोळ्यांपुढे आणा. मिशनमधल्या काहींना ते विचित्र वाटले असेल. सनातन्यांना तर ते सगळेच विचित्र होते. लक्ष्मीबाई बदलल्या त्या वादविवादात हरून नव्हे. माणसामाणसांतला विटाळ देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांच्याच मनात उभा राहिला. त्याचे उत्तर त्यांनी स्वतः शोधले, आणि एक दिवस ज्याच्या हातचे पाणी चालत नव्हते त्याच्या हातचे प्यायल्या. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. नवऱ्यानंतर पाच वर्षांनी, स्वतःच्या पायांनी चालत. फारसे शिक्षण नसलेल्या या बाईने पुढे टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य हाती घेतले आणि त्यात टिळकांपेक्षा कितीतरी जास्त अध्याय लिहिले. ढकलून आणलेल्या माणसाच्या हातून हे होत नाही.

टिळकांचे शेवटचे पर्वही सांगायला हवे. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत पोचलो, असे ते म्हणत. त्यांनी अभंग लिहिले, कीर्तने केली, टाळ-चिपळ्या प्रार्थनामंदिरात आणल्या. १९१७ मध्ये मिशनची नोकरी आणि पगार सोडून ते साताऱ्यात संन्यस्त वृत्तीने राहू लागले. ‘देवाचा दरबार’ नावाचा जो मेळा त्यांनी मनात धरला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. येशूवर प्रेम आहे पण समाज सोडायचा नाही, अशा माणसाला दाराबाहेर ठेवायचे नाही, हा त्यामागचा विचार. तो रुजायला वेळ मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी ते गेले. आमच्या बऱ्याच धर्मपंडितांना तो दरबार आजही अवघड वाटतो. मला वाटतो तो त्यांच्या आयुष्यातला सर्वांत नम्र विचार, कारण त्यात मोजदाद सोडून दिली आहे.

आता एक अवघड प्रकरण. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढले. पुढे ते पुण्याला हलले. बालविधवांसाठीची शाळा. पैसा अमेरिकेतून, वचन असे की धर्मशिक्षण दिले जाणार नाही, मुलींनी आपापले आचार पाळावेत. रमाबाई स्वतः ख्रिस्ती, सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करीत. दार उघडे असे. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने गदारोळ केला. १८९३ मध्ये सल्लागार मंडळातून रानडे, भांडारकर यांच्यासारखी सदनाची हितचिंतक माणसे बाहेर पडली आणि कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की, मी कुणाला बोलावले नाही, पण माझ्या घरात मी माझ्या देवाची प्रार्थना दार लावून का करू?

रमाबाईंच्या बाजूने मला पुष्कळ बोलता येईल. ज्या समाजाने दहा वर्षांच्या पोरीचे केस उतरवले, त्याने तिच्या आत्म्याच्या स्वातंत्र्याची काळजी करावी, यात दांभिकपणा होता. श्रद्धा लपवण्याची सक्तीही जुलूमच. हे सगळे मान्य करूनही रानड्यांची अडचण मला खोटी वाटत नाही. ज्या मुलीला माहेर नाही, सासर नाही, जिचे अन्न, वस्त्र, पुस्तक एकाच बाईच्या हातून येते, तिने त्या बाईच्या प्रार्थनेला जाऊन बसणे किती मोकळेपणाचे? ती खरोखर मनाने आलेली असू शकते. पण तिलाही ते नीट सांगता येणार नाही. जिथे एकाचा हात वर आणि दुसऱ्याचा खाली असतो, तिथे वरच्या हाताने अधिक जपून राहावे लागते. शिक्षकाने विद्यार्थ्यापुढे, मालकाने गड्यापुढे, डॉक्टरने रुग्णापुढे, मदत घेऊन जाणाऱ्याने पूरग्रस्तापुढे.

वेंगुर्ल्याचे उदाहरण इथे लागू पडते. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. रॉबर्ट गोहीन तिथे वैद्यकीय काम करीत होते.   त्या काळी मिशनच्या अनेक दवाखान्यांत रुग्ण तपासण्याआधी वचनाचे वाचन आणि प्रार्थना होई. ते मिशनरी प्रामाणिक लोक होते, त्यांची मुले इथल्या तापांत दगावली, त्यांनी अशा वाड्यांवर औषध नेले जिथे दुसरे कोणी जात नव्हते. तरी पोटात कळ उठलेल्या माणसाला प्रवचन संपेपर्यंत बाकावर बसवणे मला पटत नाही. येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले, त्यातला एकच परत आला. उरलेल्या नऊ जणांचा रोग त्याने परत लावला नाही.

याच्या उलट एक माणूस आमच्या कोंकणी मुलखाने दिला, त्याचे नाव इथे फार कमी घेतले जाते. जोसेफ वाझ, जन्म १६५१ मध्ये बाणावलीत. श्रीलंकेत डच राजवटीने कॅथलिक पंथावर बंदी घातली होती. १६८७ मध्ये वाझ मजुराच्या वेशात तिथे उतरले. कँडीच्या बौद्ध राजाने हेर समजून कैदेत टाकले. पुढे १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले, रोग्यांना रानात टाकण्यात आले. वाझ आणि त्यांचा पुतण्या जोसेफ कार्व्हाल्यो राहिले. झोपड्या बांधल्या, फोड धुतले, मेलेल्यांना मूठमाती दिली. धर्म विचारून नाही. राजा ख्रिस्ती झाला नाही, बौद्धच राहिला, पण त्याने वाझ यांना आपल्या राज्यात मोकळेपणे फिरू दिले. वाझ यांच्यामागे तोफ नव्हती, त्यांचा धर्म तिथे छळ सोसणाऱ्यांचा होता. गोव्यात जे सत्तेने केले, त्याच्या अगदी उलट एका गोंयकाराने सत्तेविना करून दाखवले. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संतपद दिले.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. संविधानाच्या २५ व्या कलमाने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे दुसऱ्यापुढे मांडणे. दुसऱ्याला आपल्या धर्मात आणण्याचा असा काही मूलभूत हक्क नाही, कारण समोरच्याच्या सद्सद्विवेकालाही तेच स्वातंत्र्य आहे. आमच्यातल्या काहींना हा निकाल खुपतो. मला त्यातला हा विचार पेत्राच्या पत्राच्या जवळचा वाटतो. मांडावे, आणि समोरच्याला मोकळे ठेवावे.

मग आज, इथे, आपल्या गावात हे कसे असते? २००५ मध्ये सिंधुदुर्ग धर्मप्रांत झाला, सावंतवाडीत त्याचे मुख्य मंदिर आहे. आम्ही संख्येने थोडे. आमची ओळख बहुतेक वेळा ताटातून होते. नाताळात दोदोल, नेवऱ्या, कुलकुलांचे ताट शेजारी जाते. ते भरणारी बाई आधी भिंतीवरचे कॅलेंडर पाहते. त्या दिवशी संकष्टी किंवा एकादशी असेल तर अंड्याचा केक बाजूला ठेवते, दुसऱ्या दिवशी देते. कुणाच्या घरी काय चालते आणि काय नाही, हे तिला तोंडपाठ असते. धर्मशास्त्राचा एकही धडा न शिकता तिने आदर म्हणजे काय ते साधले आहे. गणपतीत त्या घरचे मोदक आणि करंज्या आमच्याकडे येतात.

आणि अशाच घरात कधीतरी प्रश्न येतो. घरातला कर्ता मुलगा होडीवर गेला तो परत आला नाही, अशा घरी शेजारीण बसायला येते. चार दिवस काही बोलत नाही. पाचव्या दिवशी विचारते, “एवढां सगळां झालां, तरी तू देवाक हात जोडतंस कशे?” पत्रातला ‘कोणी विचारले तर’ हाच. तिथे पाठ केलेली वचने चालत नाहीत. तिथे त्या आईने तिला जे खरे वाटते तेवढेच सांगावे. रडू आले तर रडावे. माझा देवही मेला होता, त्याच्या आईनेही त्याला मांडीवर घेतला होता, म्हणून मी त्याच्याशी भांडू शकते, असे तिला वाटत असेल तर तसे म्हणावे. काहीच वाटत नसेल तर तेही म्हणावे. शेजारणीने आपली विठाई सांगितली तर ती ऐकावी, मध्येच तोडू नये.

अमेरिकन धर्मोपदेशक ई. स्टॅन्ले जोन्स यांनी शंभर वर्षांपूर्वी हिंदुस्थानात निरनिराळ्या धर्मांच्या माणसांना गोलाकार बसवून बैठका घेतल्या. नियम साधा. कुणी वाद घालायचा नाही, दुसऱ्याच्या धर्मावर बोलायचे नाही. आपल्या श्रद्धेने आपल्याला जगताना काय दिले, आणि काय दिले नाही, तेवढे सांगायचे. आमच्या तरुणांना मी हाच नियम सांगतो. ‘तुमच्यात चुकते’ हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. दुसऱ्याच्या देवाचे चित्र, पोथी, जत्रा यांची टिंगल करणारे व्हिडिओ पुढे पाठवू नका, ते ख्रिस्ती माणसाने बनवलेले असले तरी. पैसे, नोकरी, शाळेचा प्रवेश आणि बाप्तिस्मा हे एका वाक्यात येऊ देऊ नका. एखादा खरोखर ख्रिस्ताकडे ओढला गेला, तर त्याला घाई करू नका. घरी सांग, आईशी बोल, वर्षभर थांब म्हणा. टिळकांनी जे लक्ष्मीबाईंच्या बाबतीत केले नाही, ते त्याच्याकडून करवून घ्या.

तरुण मला विचारतात की, सर्व राष्ट्रांना शिष्य करा अशी येशूची आज्ञा आहे, मग वाट पाहत बसायचे का? त्याच आज्ञेच्या पुढच्या ओळीत, मी जे सांगितले ते पाळायला शिकवा, असे आहे. आणि त्याने सांगितले होते काय? पाय धुवा, शत्रूवर प्रेम करा, दान देताना कर्णा वाजवू नका, शिष्यांना पाठवताना म्हणाला पिशवी नेऊ नका, ज्या घरी जाल तिथे पुढे येईल ते खा. म्हणजे पाहुणे होऊन जा, उपकारकर्ते होऊन नको. जो दुसऱ्याच्या ताटातले खातो, त्याला दुसऱ्यावर ओरडता येत नाही. ही आज्ञा पाळताना वाट पाहणे हे आळसाचे काम राहत नाही, ते सगळ्यांत जड काम होते.

आणि शेजाऱ्याने ऐकून घेतले, पण मला हे पटत नाही, पुन्हा नको, असे सांगितले तर? तर पुन्हा बोलू नये. त्याच्या मुलीच्या लग्नाला मांडवात राबायला जावे, त्याचा बाप आजारी पडला तर रात्री ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात सोबतीला बसावे, आणि हे करताना त्याचे मत बदलेल असा हिशेब मनात ठेवू नये. मनात असला तर त्याला तो कळतो. माणसे हे फार लवकर ओळखतात.

माझे एवढेच बोलणे होते. अजून वेळ आहे, आणि समोर ज्यांना हे पटलेले नाही अशी बरीच मंडळी आहेत, ख्रिस्तीही आणि हिंदूही. त्यांनी आधी विचारावे.